प्रिअसच्या डिकीतला हजार वॅटचा इन्व्हर्टर: ह्यूस्टनच्या वादळात काय चाललं आणि काय नाही

सुरुवातीलाच सांगून टाकते, गाडीच्या बॅटरीतनं घरातली उपकरणं चालवणारा हा इन्व्हर्टर घ्या. हायब्रिड गाडी दारात आहे, राहायला टेक्सस नाहीतर फ्लोरिडाच्या वादळी पट्ट्यात आहात, आणि घरात फ्रिजमध्ये ठेवायची औषधं आहेत, अशा लोकांनी तर डोळे झाकून घ्या. पण घराचा एसी चालेल, मायक्रोवेव्ह चालेल या आशेने घेणार असाल तर अजिबात घेऊ नका, पैसे साठवा आणि सरळ जनरेटर बघा.

2024 साल ह्यूस्टनकर विसरणार नाहीत. 16 मेला डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत सुसाटणाऱ्या वाऱ्यांचं वादळ, आला, डाउनटाउनच्या टोलेजंग इमारतींच्या काचा फुटून रस्त्यावर आल्या, लाखो घरांची वीज गेली, आमची पण गेली. ते निस्तरतंय तोवर 8 जुलैला पहाटे बेरिल मॅटागोर्डाजवळ किनाऱ्यावर धडकलं. कॅटेगरी 1 चं वादळ, म्हणजे कागदावर सगळ्यात खालच्या पायरीचं, पण 22 लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले आणि वादळ सरल्यावर जो उकाडा सुटला तो वादळापेक्षा वाईट होता. वीज कंपनीकडून धड माहिती मिळत नव्हती, लोक व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्या साखळीच्या ॲपवर कुठली दुकानं उघडी दिसतायत ते बघून कुठल्या भागात वीज आली असेल याचा अंदाज बांधत होते, इतकी वेळ आली होती. त्यात माझे आईबाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले, बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आणि रात्री झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं सीपॅप मशीन. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्री सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, वापरात असलेलं पेन बाहेर चालतं पण तेही साधारण 30 डिग्रीच्या खाली, आणि आमच्या घरात दुपारी पारा 34 च्या पुढे. दार न उघडता फ्रिज चार तास थंडावा धरतो, फ्रीजर गच्च भरलेला असला तर दोन दिवस. त्यानंतर काय, हा प्रश्न मे महिन्यात पडला होता म्हणूनच हा इन्व्हर्टर घेतला, आणि जुलैत त्याची खरी परीक्षा झाली.

यंत्र असं आहे: गाडीची 12 व्होल्टची डीसी वीज आत घेतो, घरातल्यासारखी 120 व्होल्टची एसी वीज बाहेर देतो, सलग 1000 वॅट आणि क्षणभर 2000, प्युअर साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या प्लगसारखी गुळगुळीत लाटेची वीज. किंमत दोनशे डॉलरच्या आतबाहेर, वर केबल, फ्यूज आणि लांब एक्स्टेंशन कॉर्ड असे अजून शंभरेक धरा. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण तुम्ही घ्याल तेव्हा दुसराच कुठला तरी स्वस्त पडत असेल, पाटीवरच्या दोनच गोष्टी नीट वाचा, सलग वॅट किती आणि वेव्ह कुठली. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बऱ्याचदा क्षणभराचा असतो, सलगचा बारीक अक्षरात.

वेव्हचं थोडं सांगते कारण इथेच लोक पन्नास-साठ डॉलर वाचवायला जातात. मॉडिफाइड साइन वेव्हवाला इन्व्हर्टर स्वस्त मिळतो, दिवे लागतात, फोन चार्ज होतात, वाटतं काय फरक पडतो. महाराष्ट्रात लोडशेडिंगचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना आठवत असेल, लाइट गेली आणि जुन्या इन्व्हर्टरवर पंखा लागला की त्यातनं एक घुंईऽऽ आवाज यायचा. तो या खडबडीत वेव्हचा आवाज. पंख्याचं एकवेळ निभावतं, पण फ्रिजच्या कंप्रेसरची मोटर त्यावर जास्त तापते, आणि सीपॅपसारखं मशीन तर मी त्यावर कधीच लावणार नाही. मोटर आणि औषधपाण्याची मशिनं असतील तर प्युअर साइनच.

आता गाडी. आमची प्रिअस 2012 ची, तिसऱ्या पिढीतली. हिच्यात दोन बॅटऱ्या असतात, एक मागच्या सीटच्या पाठीमागची हायब्रिड बॅटरी, साधारण 200 व्होल्टची आणि जेमतेम सव्वा युनिटची, आणि दुसरी डिकीत उजव्या कोपऱ्यात छोटी 12 व्होल्टची. साध्या गाडीत 12 व्होल्टची बॅटरी अल्टरनेटर चार्ज करतो, त्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं. प्रिअसला अल्टरनेटरच नाही, मोठ्या बॅटरीतनं एक कन्व्हर्टर 12 व्होल्टच्या बाजूला करंट देतो, शंभर अँपिअरच्या आसपास. त्यामुळे गाडी रेडीमध्ये, म्हणजे चालवायला तयार अशा स्थितीत, ठेवली की इंजिन बंद असतं, वीज मोठ्या बॅटरीतनं जाते, ती उतरली की इंजिन आपलं आपण सुरू होतं, काही मिनिटं चालून बॅटरी भरतं आणि परत गप्प. जनरेटर असाच असायला हवा होता खरं तर, गरजेपुरता चालणारा.

हजार वॅटच का, तर हिशोब सोपा आहे. 1000 भागिले 12 म्हणजे 83 अँपिअर, इन्व्हर्टरमध्ये दहाएक टक्के वाया जातात ते धरले की नव्वदीच्या पुढे. म्हणजे गाडीच्या कन्व्हर्टरची बहुतेक ताकद संपली, आणि गाडीला स्वतःच्या कॉम्प्युटर-पंप वगैरेंसाठी पण थोडं लागतंच. 2000 वॅटचा इन्व्हर्टर घेतला म्हणून गाडी दुप्पट वीज देणार नाहीये, फक्त बारकी बॅटरी लवकर रिकामी होईल. आणि सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये हा लावायचा विचार पण नको, ते सॉकेट शे-दीडशे वॅटचं, फोन-लॅपटॉपपुरतं.

तक्रार एकच पण मोठी. बॉक्समध्ये ज्या वायरी येतात त्या या यंत्राच्या लायकीच्या नाहीत. बारीक, लांब, टोकाला चिमटे. मेमध्ये घरी सगळं ठीक असताना जोडून बघितलं, दिवे-पंख्यावर मस्त, फ्रिज लावला आणि कंप्रेसर उचलायच्या क्षणाला इन्व्हर्टर पीं पीं करून बंद. मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर 14 च्या जवळपास व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या स्क्रूवर कंप्रेसर उचलताना आकडा धाडकन खाली. मधले व्होल्ट वायरीने खाल्ले होते, वायर हाताला गरम लागत होती. फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅटच घेतो पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो, तेव्हा दीडशे अँपिअर त्या बारक्या वायरीतनं कसे जाणार. मग 2 गेजची जाड तांब्याची केबल आणली, जेवढी लागते तेवढीच, तीन फुटांच्या आत, टोकांना क्रिंप केलेले लग, म्हणजे दाबून बसवलेली धातूची टोकं, आणि प्लसच्या केबलवर बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. त्यानंतर तोच फ्रिज पहिल्या झटक्यात सुरू झाला. एवढा महागाचा इन्व्हर्टर विकून त्यात पाच-दहा डॉलर वाचवायला अशी वायर देणं हे मला मुळीच पटलेलं नाही, आणि फ्यूज तर बॉक्समध्ये नव्हताच. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये फ्यूज नसला आणि केबल कुठे पत्र्याला घासली तर गाडीला आग लागू शकते, हा भाग टाळू नका. हात बसलेला नसेल तर कार ऑडिओ लावणाऱ्याकडून करून घ्या, मोठ्या ॲम्प्लिफायरची वायरिंग त्यांच्या रोजच्या कामातली, फ्यूजसकट सगळं सामान त्यांच्याकडे असतं. बोनेटखाली जंप स्टार्टसाठी जो पॉइंट दिलाय तिथे जोडू नका, तो एवढ्या करंटसाठी नाही, डिकीतल्या बॅटरीलाच जोडायचं.

जाड केबल आखूड ठेवायची आणि लांबी जी काय हवी ती 120 व्होल्टच्या बाजूला घ्यायची. मी 12 गेजची 50 फुटी एक्स्टेंशन कॉर्ड घेतली, तिच्यात काही जाणवण्यासारखं वाया जात नाही. लांब कॉर्ड हवीच, कारण गाडी घराच्या जवळ उभी करायची नाही.

हे मी मोठ्याने सांगतेय असं समजा. हायब्रिड गाडी शांत असते म्हणून गराजमध्ये ठेवून चालेल असं कुणाच्या डोक्यात येऊ शकतं. नाही चालणार. इंजिन तुम्हाला न विचारता सुरू होतं, तुम्ही झोपलेले असता, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार उघडं ठेवलेलं गराज पण नाही, कारपोर्ट घराला चिकटून असेल तर तोही नाही. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत इथे ह्यूस्टनमध्येच लोकांनी गराजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, आणि माणसं गेली. जनरेटरसाठी सांगतात ते 20 फुटांचं अंतर दारं-खिडक्यांपासून इथेही पाळा. मी गाडी ड्राइव्हवेच्या टोकाला उभी करायचे, शेपूट रस्त्याकडे म्हणजे धूर तिकडे, आणि घरात बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइड अलार्म दोन्ही मजल्यांवर. दुसरं, इन्व्हर्टरची वायर भिंतीतल्या प्लगला लावून उलटी वीज घरभर फिरवायचे व्हिडिओ दिसतील, ते करू नका. ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. फ्रिजचा प्लग काढा, एक्स्टेंशनला लावा, बस.

बेरिलच्या आठवड्यात काय काय चाललं. फ्रिज, दोन पंखे, वायफायचा राउटर, एलईडी दिवे, सगळ्यांचे फोन, रात्री बाबांचं सीपॅप. सीपॅपचं पाणी गरम करणारं ह्युमिडिफायर बंद केलं की ते निम्म्याहून कमी वीज घेतं, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. आमचा मिक्सर भारतीय कंपनीचा पण 110 व्होल्टचा, साडेपाचशे वॅटचा, तो फ्रिजचा प्लग काढून लावला, आईने दाण्याची चटणी केली. शेगडी गॅसची असल्याने स्वयंपाक अडला नाही, ज्यांची इलेक्ट्रिक कॉइलची शेगडी आहे त्यांनी कॅम्पिंगचा स्टोव्ह बाजूला ठेवा कारण हा इन्व्हर्टर इंडक्शन उचलणार नाही. राइस कुकर छोटा असला तर चालतो. इन्स्टंट पॉट हजार वॅटचा, अगदी काठावर, मी लावला नाही. मायक्रोवेव्ह पाटीवर हजार वॅट म्हणतो पण भिंतीतनं दीड हजार ओढतो, त्यामुळे नाही.

एसीचं सगळेच विचारतात. 5000 बीटीयूचा छोटा खिडकीतला एसी चालताना साडेचारशे-पाचशे वॅटच घेतो, म्हणून वाटतं चालेल, पण जुन्या पद्धतीचा कंप्रेसर उचलताना जो झटका बसतो त्याला आमच्या इन्व्हर्टरने हात टेकले. इन्व्हर्टर कंप्रेसरवाला नवीन एसी हळूहळू वेग घेतो, तो मैत्रिणीकडून आणून लावला तर सुरू झाला, पण मग फ्रिज बंद ठेवायला लागतो. आम्ही फ्रिज निवडला आणि दुपारी आईबाबांना वीज असलेल्या मित्राकडे पोचवायचो. म्हातारी माणसं, तान्ही बाळं घरात असतील तर पंख्याच्या भरवशावर बसू नका, ह्यूस्टनच्या जुलैत पंखा गरमच हवा फिरवतो.

एक गोष्ट लिहिलीच पाहिजे कारण ती मला कुठल्याच रिव्ह्यूत सापडली नव्हती. मी फ्रिजच्या प्लगला किल-अ-वॉट मीटर लावून ठेवला होता, नेहमी शंभर-सव्वाशेचा आकडा, कंप्रेसर थांबला की दोन-चार वॅट. एका रात्री बघते तर साडेचारशेच्या वर, आणि कंप्रेसरचा आवाज अजिबात नाही. काहीतरी बिघडलं म्हणून मी प्लग काढायला निघाले होते. तर ते डीफ्रॉस्ट. हल्लीच्या बर्फ न साठणाऱ्या फ्रिजमध्ये आत एक हीटर असतो, तो दिवसातनं एखाद-दोन वेळा लागून कॉइलवरचा बर्फ वितळवतो, वीसेक मिनिटं, आणि बंद होतो. म्हणजे फ्रिज सव्वाशे वॅटचा आहे असं धरून तुम्ही उरलेल्या नऊशेमध्ये बाकी सगळं कोंबलंत तर मध्यरात्री हीटर लागला की इन्व्हर्टर बसणार, आणि सीपॅप त्याच कॉर्डवर असेल तर तेही बंद. फ्रिजसाठी कायम पाचशे वॅट बाजूला ठेवा, मग बाकीची बेरीज करा.

पेट्रोलचं म्हणाल, म्हणजे इथल्या भाषेत गॅस, तर मी स्वतः चकित झाले. सरासरी अडीचशे-तीनशे वॅट ओढत होतो, इंजिन वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा चालू व्हायचं आणि चार-पाच मिनिटांत थांबायचं, रात्रभर ठेवून सकाळी काट्याची जेमतेम एखादी पट्टी खाली. या प्रिअसची टाकी बारा गॅलनला थोडी कमी, ती वादळाआधी भरून ठेवली की दोन-तीन दिवस निघतात. त्या आठवड्यात गॅस स्टेशनवर कॅन घेऊन रांगा लागल्या होत्या तेव्हा हे फार कामाला आलं. आमच्या शेजाऱ्यांकडे होंडाचा 2200 वॅटचा छोटा जनरेटर आहे, यंत्र अतिशय उत्तम, आवाज कमी, सलग 1800 वॅट देतो, पण त्याची टाकी एका गॅलनच्या आतली, रात्री उठून भरावी लागते, आणि किंमत हजार डॉलरच्या वर. त्यांचा मायक्रोवेव्ह चालत होता, आमचा नाही, एवढा फरक आहेच.

वापरताना गाडीची काही काळजी घ्यावी लागते. गाडी रेडीमध्येच हवी, नुसती ॲक्सेसरीवर ठेवलीत तर मोठी बॅटरी जोडलेलीच नसते, छोटी तासाभरात झोपते आणि मग गाडी पण सुरू होत नाही. गिअर पीमध्ये, एनमध्ये कधीच नाही, एनमध्ये प्रिअस बॅटरी चार्ज करत नाही. गाडीचा एसी आणि हेडलाइट बंद. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिथनं हायब्रिड बॅटरी थंड हवा घेते, तिच्यावर पिशव्या-चादरी टाकू नका. इन्व्हर्टरलाही हवा लागते, उन्हात बंद गाडीत तो तापून बंद पडतो, म्हणून झाडाची सावली आणि काचा थोड्या खाली. किल्ली घेऊन उतरलं की गाडी बीप करते, करू दे, दार आतल्या साध्या किल्लीने लॉक होतं.

नवीन गाडी घेणार असाल तर या सगळ्या वायरिंगची गरजच नाही अशी गाडी बघा. जपानमध्ये टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडला आधीपासून 1500 वॅटचे घरगुती सॉकेट होते, 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर त्या गाड्यांचा खूप उपयोग झाला आणि मग प्रिअसलाही ही सोय मिळायला लागली. इथे टोयोटाच्याच सिएना व्हॅनच्या वरच्या काही ट्रिम्समध्ये 1500 वॅटचा इन्व्हर्टर येतो, आपल्या बऱ्याच लोकांकडे सिएना आहे आणि तो आहे हेच माहीत नसतं, मागे जाऊन बघा. फोर्डच्या एफ-150 हायब्रिडमध्ये तर 7.2 किलोवॅटपर्यंत मिळतात, त्यावर अख्खं घर निघेल, पण ती ट्रकची किंमत आहे. गाडी लीजवर असेल किंवा वॉरंटीत असेल तर बॅटरीला काही जोडायच्या आधी कागद वाचा.

भारतातनं भावाने विचारलं, त्याच्याकडे टोयोटाची हायरायडर आहे. तत्त्व तेच, फक्त 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ देणारा इन्व्हर्टर घ्यायचा, अमेरिकेतनं नेलेला उपयोगाचा नाही. पण गाडी स्ट्राँग हायब्रिड, मोठ्या बॅटरीची हवी, म्हणजे इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरचं ते मॉडेल, सिटी ई-एचईव्ही अशी. माइल्ड हायब्रिडला हे जमत नाही, तिथे उभ्या गाडीतनं वीज हवी तर इंजिन सतत चालू ठेवावं लागतं. आणि पुण्या-साताऱ्यात दोन-चार तास लाइट जाते तिथे घरचा 150 अँपिअर-अवर बॅटरीवाला इन्व्हर्टर पुरतो, गाडीच्या भानगडीत पडू नका. कोकणाचं वेगळं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-श्रीवर्धनच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्या दिवशीच उतरते आणि मग ती भरणार कशाने. अशा ठिकाणी घर असेल आणि स्ट्राँग हायब्रिड दारात असेल तर पाचशे वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर पण पंखे, दिवे, फोन आणि छोट्या फ्रिजला पुरेल, फक्त कन्व्हर्टर किती अँपिअर देतो ते सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून मगच साइज ठरवायची, आणि फ्यूज बॅटरीजवळ.